सगळ्यांना सगळं न देणारी बाई

आमच्या रुग्णालयात कुंदा भोईर म्हणजे पासवर्ड न देणारी बाई, अशीच ख्याती होती. ती ख्याती पसरवणारे सगळे कधी ना कधी तिच्याकडे पासवर्ड मागायला जाऊन हात हलवत परत आलेले होते, हे मात्र कुणी सांगायचं नाही. त्यात मीही होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला उगाच भलेपणा मिरवायला नको.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ. कामतघरच्या बाजूला आमचं हे ट्रस्टचं रुग्णालय. चारी बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट, तो इतका की नवीन डॉक्टरला पहिले दोन दिवस स्टेथोस्कोपमधूनही लूमच ऐकू येतात. कुंदाताई आल्या तेव्हा डेटा एंट्रीला होत्या. रक्तदात्यांची नावं टाइप करायची, एवढंच काम. पण आपण टाइप करतो ते जातं कुठे, ही चौकशी त्यांना स्वस्थ बसू देईना. बारावी शिकलेली बाई. अंजूरहून रिक्षाने यायच्या त्या मांडीवर पुस्तक उघडं ठेवून. चारेक वर्षांत रुग्णालयाच्या सगळ्या नोंदींचा डेटाबेस त्यांनी स्वतःच्या हाताने उभा केला. पद वाढलं नाही, खुर्चीसुद्धा तीच मोडकी राहिली. त्याबद्दल मी एकदा चिडून बोलले, तर म्हणाल्या, "पद काय चाटाचा हाय?"

एरवी त्या आमच्यासारखंच शहरी बोलायच्या. राग आला किंवा माणूस जवळचं वाटलं की अंजूरची बोली बाहेर पडायची. त्यामुळे त्या गावच्या बोलीत बोलल्या की समोरच्याला आधी अंदाज घ्यावा लागायचा, हे प्रेम आहे की आपली आता धडगत नाही.

त्यांच्या आधी आमच्याकडे सगळ्यांचं मिळून एकच लॉगिन होतं, आणि त्याचा पासवर्ड फळ्यावर खडूने लिहिलेला. पेशंटसुद्धा वाचायचे. कुंदाताईंनी पहिल्या झटक्यात फळा पुसला आणि प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं. डॉक्टरांना डॉक्टरांपुरतं, मला रक्तपेढीपुरतं, रक्ताच्या पिशव्या वॉर्डात नेणाऱ्या मावशींना "पिशवी पोचली" एवढंच नोंदवण्यापुरतं. काय आरडाओरडा झाला! शिफ्ट बदलताना डॉक्टर त्यांच्या टेबलाशी येऊन अक्षरशः हातवारे करायचे. मावशींचा मात्र आनंद गगनात मावेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावाने काहीतरी उघडत होतं.

माझं लॉगिन एकदा अडकलं तेव्हा मी म्हटलं, "ताई, दुसऱ्या कुणाचं तरी द्या ना आजच्या दिवस." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोन मागतंय, काय मागतंय, कशाला मागतंय, हे तीन सांग. चौथं बोलू नको." मी तीन सांगितली. त्यांनी माझंच लॉगिन दहा मिनिटांत सोडवून दिलं, दुसऱ्याचं काही दिलं नाही. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हा हट्ट कुठून आला, ते त्यांनीच एकदा डबा खाताना सांगितलं. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट, नेहमीसारखी. अंजूरला खाडीच्या काठी त्यांची खारजमीन होती. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध, आणि बांधाला एक दार, त्याला म्हणतात उघाडी. शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला त्यातून सोडायचं आणि भरती चढायच्या आत दार लावून घ्यायचं. त्या दाराची किल्ली गावाने ताईंच्या बापाकडे दिलेली. लोक यायचे, भरतीला जरा उघड, चार मासे आत येतील, म्हणायचे. मेहुणासुद्धा आला. बाप कुणालाच उघडून देत नव्हता. "एकाला कोलंबी मिलते नि अख्ख्या गावाचा भात खारा होतो," ताई म्हणाल्या. "बापाला लोक शिव्या घालाचे. लग्नात पानाला बोलवाचे न्हाईत. पन भात कधी खारा झाला न्हाय." आता तिथे शेतही नाही आणि उघाडीही नाही, सगळी गोदामं उभी आहेत. त्या गोदामांचा विषय निघाला की ताई भाकरीचा तुकडा जरा जोरातच मोडायच्या.

कॉम्प्युटरने "परवानगी नाही" असं सांगितलं की आम्ही सगळे हडबडून दिसेल ते बटण दाबायचो. ताई शांतपणे तो इंग्रजी संदेश शेवटपर्यंत मोठ्याने वाचायच्या, शाळेत धडा वाचतात तसा, शब्दागणिक बोट ठेवून. "लोक पयलाच शब्द वाचतान नि घाबरतान," त्या म्हणायच्या. "आधी बघ, न्हाय बोलतंय कोन? गेटवरचा वॉचमन न्हाय बोलतोय की आतला डॉक्टर? वॉचमननं अडवलं नि तू डॉक्टरशी भांडलीस तर काय उपेग?" एवढ्या एका वाक्यावर मी आजवर निम्म्या अडचणी सोडवल्या आहेत, आणि कॉम्प्युटरच्याच नव्हे.

आता ज्यामुळे त्यांचं नाव निघालं ते सांगते. एक विश्वस्त एका दुपारी आमच्या अधीक्षकांना घेऊन ताईंच्या टेबलाशी आले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाने कधीतरी आमच्या शिबिरात रक्तदान केलं होतं. दान केलेल्या प्रत्येक रक्ताची तपासणी होते, कावीळ, एचआयव्ही, सगळ्याची. विश्वस्तांना त्या मुलाचा रिपोर्ट फक्त "एक नजर" बघायचा होता. गोड बोलले. बापाचं काळीज आहे, म्हणाले.

ताई उभ्या राहिल्या आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "साहेब, त्या मुलाने रक्त दिलंय, कुंडली दिलेली नाही. त्याला घेऊन या. तो म्हणाला दाखवा, तर मी छापून देते."

अधीक्षकांचा चेहरा लालबुंद. "भोईरबाई, तुम्ही कुणाशी बोलताय कळतंय का?"

"कळतंय म्हणून उभी राहून बोलतेय."

पुढच्याच आठवड्यात ताईंची बदली झाली कपडेखान्यात. म्हणजे तळमजल्यावरची ती खोली, जिथे धुऊन आलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे मोजून वॉर्डांना देतात. आणि लेखी आदेश निघाला की भोईर यांचं नाव सिस्टीममधून काढून टाकावं, ते कुठेही दिसता कामा नये. डेटाबेसचं काम ठाण्याच्या एका कंपनीला दिलं. त्यांचा इंजिनियर राकेश, कामाला बरा, पण घाईचा फार. त्याने ताईंचं नाव पुसायचा प्रयत्न केला तर पुसलंच जाईना. मग त्याने त्यावर नुसतं कुलूप घातलं आणि "काढलं" म्हणून कळवून टाकलं. आणि आम्ही? आम्ही सगळे गप्प बसलो. मी जाता-येता कपडेखान्यात डोकवायचे, चहा नेऊन द्यायचे, आणि वर येऊन गप्प बसायचे. याची लाज मला आजही वाटते.

त्यानंतर काही महिन्यांनी सर्व्हर बंद पडला. डिस्कच गेली. राकेशने नवीन मशीन आणलं. बॅकअप होता, तो नव्या मशीनवर चढवला की झालं, असं तो म्हणाला. सकाळी साडेनऊ वाजता तो ते करत बसला होता आणि त्याच वेळी रुबिना दारात आली, आईच्या खांद्यावर भार टाकून.

रुबिना नारपोलीची. चोवीस वर्षांची, शिवणकाम करणारी. तिला जन्मापासून थॅलेसेमिया. तिचं शरीर रक्त पुरेसं करत नाही, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी तिला बाहेरून रक्त द्यावं लागतं. या वेळी घरच्या एका लग्नापायी तिने तारीख पुढे ढकलली होती. ओठ पांढरे, धाप लागलेली. हिमोग्लोबिन पाहिलं, ते धोक्याच्या पातळीखाली गेलं होतं. आज रक्त द्यायलाच हवं होतं.

पण कुठलं द्यायचं? इतकी वर्षं इतक्यांचं रक्त घेऊन तिच्या अंगात दोन अँटिबॉडी तयार झाल्या होत्या. एक चाचणीत लगेच दिसायची. दुसरी मध्येच लपून बसायची, चाचणीत येतच नसे. पण चुकीचं रक्त गेलं की आठवड्याभरात उसळून ते रक्त फोडून टाकायची. ती दुसरी कुठली, हे जुन्या नोंदीवरूनच कळणार. तिच्या कार्डावर नुसता रक्तगट. जुनी कागदी रजिस्टरं आमच्या व्यवस्थापनाने शिस्तीत खोक्यांत भरून एका गोदामात पाठवली होती, आणि कुठल्या खोक्यात काय आहे त्याची यादीही शिस्तीत त्यातल्याच एका खोक्यात ठेवली होती! राहिला तो डेटाबेस. ते नाव माझ्या जिभेवर होतं, पण अंदाजाने रक्त देत नाहीत.

मी राकेशकडे धावले. पडद्यावर ओळींमागून ओळी येत होत्या, परवानगी नाही, परवानगी नाही. "मॅडम, फाइलच उघडत नव्हती," तो म्हणाला. "ती उघडली तर आता आतली टेबलं, नोंदींचे तक्ते, चढत नाहीयेत. मी काय करतो, सबको फुल परमिशन मारून देतो. दो मिनट का काम है."

मी तडक खाली कपडेखान्यात गेले. ताई चादरी मोजत होत्या. मी सांगितलं, रुबिना आली आहे, हिमोग्लोबिन एवढं, नोंद सापडत नाही. ताईंनी हातातली चादर खाली ठेवली. "चल," एवढंच बोलल्या. रुबिनाची पहिली नोंद त्यांनीच टाइप केली होती, पोर बारा-तेरा वर्षांची होती तेव्हा.

वर आल्यावर त्यांनी खुर्ची ओढली ती राकेशच्या शेजारी, समोर नाही. "तुज्या लॉगिनला मी हात लावनार न्हाय. मी सांगतंय, तू टाइप कर." मग पडद्यावरचा संदेश बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला.

पहिली गाठ लगेच सुटली. बॅकअपची फाइल राकेशने स्वतःच्या नावाने आणली होती. डेटाबेस चालतो त्याच्या वेगळ्या नावाने, म्हणून त्याला ती वाचता येत नव्हती. म्हणून या शहाण्याने ती फाइल सगळ्यांसाठीच उघडी करून ठेवली होती. "आधी ती बंद कर," ताई म्हणाल्या. "ज्याला वाचाची हाय त्याच्या एकट्याच्या नावावर कर."

दुसरा संदेश वाचता वाचता मात्र त्यांचं बोट थांबलं. टेबलांचा मालक सापडत नाही, असं मशीन म्हणत होतं. मालकाचं नाव होतं, कुंदा.

राकेशने वळून ताईंकडे पाहिलं. बाहेर लूमचा खडखडाट चालूच होता.

"चूक माजी हाय," ताईच बोलल्या. "पयल्या दिवशी माजं एकटीचं लॉगिन होतं, सगलं माज्या नावावर केलं, नि मग तसंच ठेवलं. रक्तपेढीच्या नावावर पाहिजे होतं." जुन्या मशीनवर त्यांचं नाव का पुसलं जात नव्हतं, ते राकेशला तेव्हा कळलं. प्रत्येक नोंद त्या नावाला धरून होती. आणि नव्या मशीनवर आदेशाप्रमाणे ते नावच नव्हतं.

"मालकाशिवाय चढवू?" राकेश म्हणाला. "होतं तसं."

"होतं. पन मग कोनाला काय दिसाचं, ते नियम गलून पडतील. लॅबवाल्यांना मशीन न्हाय बोलेल, मग तू वैतागून सगल्यांना सगलं देशील." 

मी घड्याळ बघत होते. साडेअकरा. काचेपलीकडे रुबिना बाकावर आडवी झाली होती, आई पदराने वारा घालत होती. माझा धीर सुटला. "ताई, द्या हो आजच्या दिवस सगळ्यांना सगळं! पोरगी तिकडे धापा टाकतेय. नंतर बंद करू की!"

"नंतर कोन बंद करत न्हाय, नीले." त्यांनी माझा हात धरून मला जवळ ओढलं आणि कानाशी बोलल्या, "रुबिनाचा कागूद पन त्यातच हाय. तुना ठाव हाय त्यात काय हाय. नारपोलीत कोनाकोनाला वाचून दाखवतंस? अर्धा तास दे मना. अर्ध्या तासात झालं न्हाय तर मीच सांगेन, उघड."

त्या कागदात काय आहे ते मला माहीत होतं. मी इथेही लिहिणार नाही. मी घड्याळात वेळ बघून ठेवली.

"नवीन नाव बनव," ताईंनी राकेशला सांगितलं. "कुंदा."

"मॅडम, लेखी आदेश आहे. ते नाव कुठेही..."

"आदेश मना ठाव हाय. विचारलं तर बोल, भोईरबाईनं सांगितलं. बनव."

त्याने बनवलं. बॅकअप पुन्हा लावला. या वेळी ओळी सरळ खाली जाऊ लागल्या, एकामागून एक, कुठेही नकार नाही. अर्ध्या तासाला सात मिनिटं बाकी असताना मी माझ्या लॉगिनने रुबिनाचं पान उघडलं. दोन्ही नावं समोर. जिभेवर होतं ते नाव चुकीचं निघालं. अंदाजाने रक्त दिलं असतं तर आठवड्याभरात तिच्या अंगात ते फुटलं असतं. त्या दोन्हींना चालेल अशी आमच्या फ्रीजमध्ये एकच पिशवी होती. मी ती काढली आणि जुळवणीला लावली.

वळून पाहिलं तर ताईंचं अजून चाललंच होतं. "आता 'रक्तपेढी' म्हणून एक नाव बनव. सगली टेबलं त्याच्या नावावर फिरव. झालं? आता कुंदा पूस."

राकेशचे हात कीबोर्डवर थांबले. "मॅडम, आपलं नाव... राहू दे ना. पुन्हा लागेल."

"पुन्हा लागू न्हाय म्हनूनच पुसाचं. पूस."

या वेळी ते एका फटक्यात पुसलं गेलं. अधीक्षक दारात कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. ताई उठल्या, त्यांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. "घ्या साहेब. तुम्ही म्हणालात ते झालं. आता माझ्या नावावर इथे काही नाही. जे आहे ते रक्तपेढीचं, आणि कुणाला काय दिसायचं ते जसं होतं तसंच आहे. विश्वस्तांना सांगा."

दोन वाजता रुबिनाला पिशवी लागली. अडीचला शिपायाने कपडेखान्यात निलंबनाचा कागद नेऊन दिला: अनधिकृतपणे सिस्टीममध्ये हस्तक्षेप. मी तिथेच होते. ताईंनी हातातला चादरींचा गठ्ठा मोजून पुरा केला, आकडा लिहिला, मग कागद वाचला. सही करून खाली लिहिलं, "मिळाला. मान्य नाही."

"रुबिनाची पिशवी किती झाली?" त्यांनी मला विचारलं.

"पाव."

"मग थांबते मी." आणि पर्स घेऊन वर आल्या, रक्तपेढीबाहेरच्या पेशंटच्या बाकावर रुबिनाच्या आईशेजारी बसल्या.

अधीक्षक दहा मिनिटांत हजर. निलंबित कर्मचाऱ्याला आवारात थांबता येत नाही, म्हणाले. नियम आहे.

"कर्मचारी नाही थांबलेली," ताई म्हणाल्या. "पेशंटबरोबर एक नातेवाईक चालतो ना?"

"एक चालतो. तिची आई आहेच. आणि तुम्ही कुठल्या नातेवाईक?"

रुबिनाची आई साधी बाई, डॉक्टरसमोरही डोळे वर न करणारी. ती उठून उभी राहिली. "मैं बाहर जाती हूँ साब, ये बैठेगी. हमारी है ये."

"कौन लगती है?"

"खाला लगती है लड़की की. लिखो." हे "लिखो" तिने माझ्याकडे बघून म्हटलं, चांगलं मोठ्याने.

मी आत गेले, रुबिनाचं पान उघडलं आणि नातेवाईकाच्या रकान्यात टाइप केलं: कुंदा भोईर, मावशी. अधीक्षक मागोमाग आले होते, काचेतून पडदा बघत होते. "हे कुणाच्या परवानगीने?" त्यांनी विचारलं.

"माझ्या, साहेब," मी म्हटलं. "ही नोंद करायचा अधिकार माझ्या लॉगिनला आहे." इतक्या महिन्यांत माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड वाक्य होतं.

ते वळून निघून गेले.

पाच वाजता पिशवी संपली. मी फाटकापर्यंत सोडायला गेले. ताईंनी हात करून रिक्षा थांबवली, "नारपोली" म्हणाल्या आणि भाड्यावरून रिक्षावाल्याशी जोरदार हुज्जत घातली. मग तिघी बसल्या. रुबिना मध्ये होती, आणि तिच्या ओठांना रंग आला होता.